माश्यांचा फोन

मीटरपेटीचं दार उघडलं काय आणि पंचशीला समोरच्या दुकानात शिरून काउंटरखाली जाऊन बसली काय — मधे नेमकं काय झालं ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. बाहेर तिची शिडी भिंतीला टेकून तशीच उभी होती. पक्कड पायरीवर पडली होती. आणि उघड्या पेटीतून काळ्या, बारीक माश्या धुरासारख्या निघून ऑक्टोबरच्या उन्हात गरगरत होत्या.

दुकान समाधानचं. पाटोद्याच्या बसस्टँडजवळ तो मोबाईल दुरुस्त करायचा. त्या वेळी तो कुणाच्यातरी फोनची काच बसवत होता. काउंटरखाली गिऱ्हाईक बसायची त्याला सवय नव्हती. त्यानं वाकून पाहिलं. निळा शर्ट, गळ्यात कंत्राटदाराचं ओळखपत्र, तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ... आणि स्कार्फच्या फटीत दोन डोळे. घाबरलेले तर होतेच, पण जास्त रागावलेले.

"मॅडम, त्या चावत न्हाईत."

"सगळे असंच म्हणतात."

"खरंच. त्यान्ला नांगीच न्हाई."

"आधी दार लावा!"

"कोणतं? दुकानाचं का पेटीचं?"

"दोन्ही!"

त्यानं दोन्ही दारं लावली. मग पाण्याचा पेला हळूच जमिनीवरून काउंटरखाली सरकवला, आणि ती पाणी पिईपर्यंत पाठ करून उभा राहिला. तोंडाचा स्कार्फ खाली ओढून पाणी पिताना कुणी बघत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं. राग थोडा कमी झाला.

पंचशीला वडवणीची. आयटीआयमधून वायरमन झालेली. जुनी मीटरं काढून नवी बसवायचं काम तिच्याकडे होतं. पाटोद्यात ती करिष्मा नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि शनिवारी आईकडे जायची. खांबावर चढताना तिचा पाय कधी थरथरला नव्हता. जिवंत तारेशी ती घरातल्या मांजराशी वागावं तशी वागायची. पण कानाशी गुणगुण आली, की तिच्यातली नऊ वर्षांची मुलगी जागी व्हायची आणि पळत सुटायची.

"पोयाच्या माश्या म्हणतात ह्यान्ला," समाधान सांगत होता. "तांदळाच्या कणीएवढ्या. डिंकाचं आन् मेणाचं घर बांधतात. दोन वर्षं झाली माझ्या मीटरात राहतात."

"मग भाडं घेता का न्हाई?"

"मध देतात की थोडं. आंबट-गोड." तो हसला. "मीटर बदला, पण ह्यान्ला हलवायला जरा सवड द्या. थंडी पडायच्या आत हलवतो."

"साहेबाला काय सांगू? मीटरमधी भाडेकरू हायत म्हणून?"

"सांगा की. खरंच हाय ते."

तिनं शिडी उचलली. पण जाता जाता तिची नजर काउंटरवरच्या एका लाकडी पाटीवर गेली. तळहाताएवढी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली.

"हे काय?"

"माश्यांचा फोन," तो म्हणाला.

त्याचं असं झालं होतं. फोन दुरुस्त होईपर्यंत लोक बाहेर पायरीवर बसत. बसल्या बसल्या हाताला चाळा हवाच. पेटीच्या भोकातून माश्यांनी काढलेली मेणाची नळी कुणी काडीनं उकरायचं, कुणी मोडायचं. माश्या बिचाऱ्या परत बांधायच्या. भांडून भांडून कंटाळल्यावर समाधानला वाटलं, ह्या लोकांना आत काय चाललंय ते कळू तरी द्यावं. मग त्यानं पेटीत एक बारका माइक सोडला, भिंतीतून वायर आत घेतली आणि पाटीच्या पोटात जुन्या स्पीकरचा पडदा बसवला. पाटीवर हात ठेवला की पोळ्यातली गुणगुण तळव्याला लागायची. नुसतं एवढ्यानं त्याचं भागलं नाही. एका मोडक्या स्मार्ट घड्याळातला नाडी मोजणारा हिरवा दिवा त्यानं बोटाच्या जागी लावला. नाडी पळत असली की पाटी मुकी. माणूस निवांत होत गेला, की आतला आवाज तसतसा वर येणार.

"असं कावून केलं?" तिनं विचारलं.

"धावत येऊन हात लावला आन् निघून गेला, त्याला काय ऐकू येणार? त्या घाईत नसतात. मग आपणबी घाईत नसावं." मग जरासा लाजून म्हणाला, "ठेवून बघा हात."

तिनं ठेवला. काहीच नाही.

"बंद हाय तुमचा फोन."

"फोन चालू हाय. तुमचं घोडं पळतंय."

पंचशीलानं हात मागं घेतला आणि शिडी खांद्यावर टाकून चालू लागली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या फोनचं चार्जिंग होईना. परवा आवाज फुटायला लागला. तेरवा काही कारण सापडलं नाही, म्हणून ती नुसतीच आली. दर वेळी येऊन पाटीवर हात ठेवायची आणि पाटी दर वेळी मुकी. समाधान कधी हसला नाही. "उद्या लागंल," एवढंच म्हणायचा आणि आपल्या कामाला लागायचा.

एका दुपारी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस कोसळला आणि रस्त्यावरच्या बायकांनी सीताफळाच्या टोपल्या उचलून दुकानाच्या पत्र्याखाली आणून ठेवल्या. बाहेर पाऊस, आत गोडसर पिकलेला वास. माश्या सगळ्या घरात. समाधान म्हणाला, पावसात त्यांचा आवाज जरा जाड होतो, सगळी मंडळी घरी असतात ना!

पंचशीला पाटीकडं बघत राहिली. मग स्कार्फची गाठ सोडत, त्याच्याकडं न बघता बोलायला लागली.

"मी नऊ वर्षांची व्हते. बाबांबरोबर एका मयताला गेलते. सरणाचा धूर वर गेला... वर पिंपळाला आग्या मोहोळ. लोकं पळाली. मला पळताच येईना. बाबांनी अंगातला शर्ट काढून माझ्यावर टाकला आन् वरून ते स्वतः..." ती थांबली. "शर्टाच्या आत अंधार व्हता. वरून तो आवाज. दवाखान्यात नेलं, पण ते काय घरी आले न्हाईत."

समाधाननं हातातला पेचकस खाली ठेवला. पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. मग त्यानं विचारलं, "वायर काढून ठेवू का आज?"

"न्हाई. असू द्या."

तिनं हात पाटीवर ठेवला. डोळे मिटले. पळावंसं वाटलं, तशीच बसली. किती वेळ गेला कोण जाणे... आणि मग तळव्याच्या मधोमध काहीतरी हललं. आधी वाटलं आपलीच नाडी. पण नाही. ते नाडीसारखं ठोके देत नव्हतं. लांबवर कुणीतरी जात्यावर बसावं, तसं एकसंध, बारीक, कुणावरही न रागावलेलं. आपल्या कामात असलेल्या पुष्कळ जणींचा आवाज. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात हलला नाही.

समाधाननं पहिल्यांदा तिचा पूर्ण चेहरा पाहिला. आणि पटकन नजर पावसाकडं वळवली.

त्यानंतर तिला पाटी वश झाली. हात ठेवला की गुणगुण हजर. आज कुठल्या तरी झाडाला फुलं आलीत, आज ऊन जास्त आहे — आवाजावरून ती ओळखायला लागली. एक दिवस मात्र चमत्कारच झाला. आवाज छान चालू होता. "बघू," म्हणत समाधान काउंटरवरून तिच्या बाजूनं वाकला... आणि पाटी मुकी!

"गेला आवाज."

"वायर सैल झाली आसंल." तो आणखी वाकला. त्याच्या बाहीला डिंकाचा वास येत होता.

"तुमी जरा तिकडं व्हा बरं."

तो मागं झाला. थोड्या वेळानं गुणगुण परत आली. समाधाननं पाटीकडं बघितलं, मग तिच्याकडं. ती सीताफळाच्या बिया मोजल्यासारखं काहीतरी करत होती. हातात बिया नव्हत्या.

"वायर... ठीक हाय," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली. "वायर ठीकच हाय."

नेमकी त्याच वेळी त्याची आई छबुबाई डबा घेऊन आली. तिनं एकदा पोराचे लाल झालेले कान पाहिले, एकदा पोरीचे. डबा ठेवला आणि काही न विचारता उलट्या पावली गेली. वाटेत मात्र हसत होती म्हणे.

पोळं हलवायचा दिवस पंचशीलानंच ठरवला. मेन तिनं बंद केला, मीटर तिनं सोडवलं. समाधानच्या अंदाजानं तिनं एवढं करून दुकानात जायचं होतं. ती गेली नाही. स्कार्फ काढून कमरेला बांधला आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तपकिरी मेणाचं ते झुंबर त्याच्याबरोबर सागाच्या नव्या पेटीत उतरवलं. माश्या तिच्या केसांत शिरल्या, कानाजवळ आल्या.

"चिमटं काढतायत!"

"हां, ते... तेवढं सांगायचं राहिलं."

"चावत न्हाईत म्हणला व्हतात!"

"चिमटं म्हंजे चावणं न्हाई. घर हलतंय त्यांचं, इतकं तर करणारच की."

ती ओरडली, रडली आणि हसली, सगळं एकदमच. पण पेटीचं झाकण लागेपर्यंत तिनं हात मागं घेतला नाही. नवं मीटर बाजूला बसलं आणि माश्यांची नवी पेटी जुन्याच जागी टांगली. पहिले काही दिवस पाटीवर काही म्हणता काही ऐकू येईना, तिची नाडी संथ असतानासुद्धा. दोघं काळजीनं आळीपाळीनं हात ठेवून बघायची. एका सकाळी नव्या पेटीच्या भोकाला मेणाची इवलीशी नळी दिसली. पंचशीला भर रस्त्यात टाळ्या वाजवत उभी राहिली.

त्या शनिवारी ती वडवणीला गेली. आई तिच्या डोक्याला तेल लावायला बसली, आणि फणीत एक मेलेली काळी माशी आली.

मुक्ताबाईच्या हातातली फणी खाली पडली.

मुक्ताबाई अंगणवाडीत मदतनीस. नवरा गेल्यापासून तिनं अंगणात फुलाचं एक झाड लावलं नव्हतं. विहारात वाहायला फुलं विकत आणायची, पण दारात फूल नको. फूल आलं की माशी येते. तिच्यासमोर त्या दिवसाचा विषय कुणी काढायचा नाही, हा त्या घराचा न सांगितलेला नियम होता. पंचशीलानं जमेल तेवढं सांगितलं. नांगी नसते, गरीब असतात, ते समाधान... ह्या नावापाशी ती अडखळली आणि आईला बाकीचं सगळं कळलं.

"कोण हाय त्यो?"

"आपल्यातलाच हाय. चांगला हाय, आई."

"आसंल चांगला. ज्याच्या भिंतीला माश्या, त्याच्या घरात माझी पोरगी जायची न्हाई." मुक्ताबाईनं पडलेली फणी उचलली आणि माशी दाराबाहेर झटकली. "एक माणूस दिलाय मी त्यांना. दुसरं देत न्हाई."

आईशी भांडता आलं असतं. आईच्या दुःखाशी कसं भांडायचं? पंचशीलानं काम वडवणीच्या बाजूला मागून घेतलं. समाधानला फोनवर एवढंच सांगितलं — "आईला न्हाई चालणार. तुमी फोन करू नका." त्यानं केला नाही. रोज सकाळी मीटरं बदलताना तिचा हात भिंतीवर जरा जास्त वेळ रेंगाळायचा. भिंती काही बोलायच्या नाहीत.

दिवाळी होऊन गेली. थंडी पडली. एका रविवारी दुपारी दारात कुणीतरी उभं राहिलं. इस्त्रीचा शर्ट, पिशवी छातीशी धरलेली. समाधान.

"जय भीम, मावशी," तो मुक्ताबाईला म्हणाला. "मी पाटोद्याचा समाधान. आत येऊ का?"

मुक्ताबाईनं सतरंजी टाकली, पण पाणी विचारलं नाही. पंचशीला स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"मी एवढंच सांगाया आलो," तो सतरंजीच्या कडेकडं बघत म्हणाला. "कांद्याचं बी करणारा एक शेतकरी हाय. बी धरायला त्याला शेतात माश्या लागतात. उद्या पेटी घेऊन जाणार हाय. माझ्याकडं आता माश्या राहणार न्हाईत. मग तरी... तुमी इचार कराल म्हणून..."

मुक्ताबाईनं त्याच्या छातीशी धरलेल्या पिशवीकडं बोट केलं.

"पिशवीत काय हाय?"

तो गडबडला. "पाटी हाय, मावशी. तिच्यात सिम घातलंय. आवाज इथपर्यंत येतो. उद्यापासून तिकडून काय येणार न्हाई, म्हणून म्हणलं... आज शेवटचं ह्यांना ऐकवावं." ह्यांना म्हणताना त्यानं चौकटीकडं बघितलं.

पाटी त्यानं सतरंजीवर ठेवली. पंचशीला पुढं आली, पण तिच्याआधी मुक्ताबाई खाली बसली होती.

"मला ऐकायचंय," ती म्हणाली. "माझा माणूस शेवटी काय ऐकत गेला, ते मला कुणी सांगितलंच न्हाई."

"मावशी, ह्यांचा आवाज बारीक हाय," समाधान घाईनं म्हणाला. "आग्याचा लई मोठा असतो. हा तसा न्हाई."

खोटं बोलून वेळ निभावता आली असती त्याला. मुक्ताबाईनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि हात पाटीवर ठेवला. पाटी मुकी. ती तशीच बसली. मग पाटीवरची नजर न काढता तिनं लेकीला विचारलं —

"तुझा बाप काय म्हणत व्हता गं? वरून?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. पंचशीला आईजवळ खाली बसली.

"बाजाराला नेतो म्हणत व्हते. 'बांगड्या कोणत्या घ्यायच्या, सांग. हिरव्या का लाल?' सारखं बोलत व्हते, मी भिऊ नये म्हणून. मी लाल म्हणलं. मग म्हणले, 'आन् आईला कोणत्या?' मी म्हणलं, ते तुमीच इचारा तिला, मला न्हाई सांगत ती. तर हसले."

"हसला?"

"व्हय, आई. हसले."

मुक्ताबाई रडली नाही. तिचे खांदे हळूहळू खाली आले, कपाळावरची आठी सुटली, श्वास लांब झाला. अंगणात कुणाचीतरी शेळी ओरडली आणि गप्प झाली. आणि मग मुक्ताबाईनं दचकून हाताकडं पाहिलं.

"हे... हे काय? हाताला काय लागतंय?"

दुसरा हातही तिनं पाटीवर ठेवला.

पुष्कळ वेळानं ती उठली. पदरानं तोंड पुसलं आणि समाधानकडं वळली.

"माश्या देऊन टाकतो म्हणलास. उद्या माझ्या पोरीची दुसरी एखादी गोष्ट कुणाला खटकली, तर तीबी देऊन टाकशील का?"

समाधान सतरंजीवरून अर्धवट उठला. "न्हाई, मावशी... म्हंजे..."

"म्हंजे-बिंजे नको. भाकरी टाकते, जेवून जा." चुलीकडं जाता जाता ती थांबली. "आन् तुझ्या आईला म्हणावं, बोलणी करायला येताना माशी-बिशी केसात घेऊन येऊ नको. मला अजून सवय व्हायची हाय."

संध्याकाळी पंचशीला त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेली. दोघांत एक हात अंतर ठेवून चालत होती. बीडमार्गे पाटोद्याला जाणारी बस लागलेलीच होती. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता.

"मग..." समाधान म्हणाला, "उद्या तो कांद्याच्या बीवाला येईल. त्याला काय सांगू?"

पंचशीला त्याच्याकडं बघत राहिली. ह्या वेळी तिनं नजर पळवली नाही.

"सांग, न्हाई देत म्हणून."

तो पुढं झालेला पाय तसाच ठेवून थांबला. काहीतरी बदललं होतं, आणि ते काय ते कळायला त्याला एक क्षण लागला. सांगा नाही... सांग.

"काय म्हणालात?"

"ऐकू येत न्हाई का तुला?" तिच्या गालांवर थंडीतसुद्धा ऊन पडल्यासारखं झालं होतं, पण आवाज ठाम होता. "न्हाई देत म्हणून सांग. माश्या कुठं जायच्या न्हाईत. आन्... मीबी न्हाई."

कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. बस धूळ उडवत वळली आणि बीडच्या रस्त्याला लागली.

"गेली की बस," पंचशीला म्हणाली. "पुढची तासाभरानं हाय."

"असू दे," समाधान म्हणाला, आणि बाकड्यावरची धूळ रुमालानं झटकून तिच्यासाठी जागा केली.